न लागलेला ठसका

"आमच्या घराण्यात दूध पिताना आजवर एकही मूल ठसकलेलं नाही," आजींनी बजावले. "अकरा मुलं या मांडीवर वाढली. ही बारावी. लिहून घे, पोरी."

थेरपिस्टने लिहून घेतले. तान्ह्या मुलांना नीट गिळता येते का, हे तपासणे तिचे काम. समोर सुनेच्या कुशीत सहा महिन्यांची नात होती. स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराने तिचे हातपाय चिंध्यांच्या बाहुलीसारखे सैल होते. आजी तिला लाडाने ठकी म्हणत. छाती भरल्यामुळे ठकी दोनदा रुग्णालयात राहून आली होती. तिसऱ्या खेपेचे नाव घरात कोणी काढत नव्हते.

"दूध प्यायल्यावर आवाज कसा येतो?" थेरपिस्टने विचारले.

"ओलसर, घरघरल्यासारखा," सून हळूच म्हणाली. "मी म्हटलं होतं..."

"तान्ह्या मुलांचे आवाज तसेच असतात," आजींनी तिला मध्येच तोडले. "ठसका लागला का? नाही ना? मग झालं तर! दूध पाजण्यात माझा हात धरणारं अजून जन्माला यायचंय."

"मग तुम्हीच पाजा, आजी," थेरपिस्ट म्हणाली. "दूध कुठे जातं, ते एक्स-रेवर पाहू."

एक्स-रेच्या खोलीत आजींना शिशाचा जड अंगरखा चढवावा लागला. शाल सारखी करावी तसा तो त्यांनी खांद्यावर सारखा करून घेतला. ठकीला छोट्या खुर्चीत टेकवले होते. दुधात एक्स-रेत दिसणारे औषध कालवले होते. आजींनी बाटली तिच्या ओठांना लावली.

पडद्यावर काळी रेघ घशातून उतरू लागली. एक घोट. दोन घोट. चौथ्या घोटाला रेघेला फाटा फुटला आणि एक बारीक धार सरळ श्वासनलिकेत शिरली. ठकी शांत होती. आजींकडे पाहून ती हसलीसुद्धा.

"पण ठसकली नाही," आजी म्हणाल्या. आवाजातली जरब निम्मी उतरली होती.

"तीच तर काळजी आहे. वाट चुकलेला थेंब ठसक्याने परत उडवायला बळ लागतं. ते तिच्याकडे नाही. म्हणून दूध गुपचूप छातीत जातंय."

आजींनी बाटली खाली ठेवली. सुनेकडे पाहिले. "तू दोनदा सांगितलं होतंस," एवढेच त्या म्हणाल्या. माफी मागण्याची त्यांना सवय नव्हती. मात्र नाकातल्या नळीने दूध कसे द्यायचे, हे त्या सुनेकडूनच शिकल्या, आणि दर खेपेस "बरोबर आहे ना गं?" असे विचारू लागल्या. अकरा मुले वाढवल्याचा उल्लेख त्या काळात कोणी ऐकला नाही.

आजारावरचे औषध सुरू झाले. सात महिन्यांनी पुन्हा तीच खोली, तोच अंगरखा. ठकी आता मान सावरत होती. या वेळी चमचा आजींनी स्वतःहून सुनेच्या हाती दिला.

पहिला चमचा सरळ उतरला. दुसराही. तिसऱ्याला रेघ पुन्हा वळली. सुनेचा हात थबकला. आजींनी अंगरख्याची कड मुठीत आवळली.

ठकीचा चेहरा लालबुंद झाला. तिने कपाळाला आठ्या घातल्या, आणि ती अशी दणदणीत खोकली की दुधाचे शिंतोडे थेट थेरपिस्टच्या चष्म्यावर उडाले. पडद्यावर श्वासाची वाट स्वच्छ झाली होती.

"उद्यापासून रोज थोडं थोडं तोंडाने," चष्मा न पुसताच थेरपिस्ट म्हणाली.

सुनेला हसू आणि रडू एकदमच आले. आजी मात्र जागेवर नव्हत्या. शिशाच्या अंगरख्यासकट त्या बाहेर पोहोचल्या होत्या, आणि तो परत घ्यायला नर्स मागे धावत होती. फोन लागताच आजींचा जुना, खणखणीत आवाज साऱ्या मजल्यावर घुमला.

"अहो, ऐकलंत का? आपल्या घराण्यात ठसकणारं पहिलंच मूल!"