लिहिण्याची परवानगी

"परत तेच, दादा. 'या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही.'" कॅरलने लॅपटॉप पलंगाकडे वळवला.

एरॉलने उशीवरून मान उचलली. "फोल्डरचा मालक कोण दाखवतोय ते बघ."

बाहेर ओट्यावर शेजारची जुलियाना ताटकळत बसली होती. तिचा नवरा सॅमी मालवाहू जहाजावर. भर समुद्रात फोन लागायचा नाही, मेल तेवढी पोचायची. राजोडी गावातल्या अशा बोटीवरच्या माणसांच्या घरांसाठी एरॉलने भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःची वेबमेल उभी केली होती. काल चर्चमध्ये जुलियानाच्या लेकीचं पहिलं कम्युनियन झालं. त्याचे फोटो सॅमीला पाठवायला जुलियाना सकाळपासून धडपडत होती. फोटो जोडला की मेल अडायची.

कॅरल शाळेत भूगोल शिकवायची. सर्व्हरच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. पण एरॉल म्हणाला, "किमोमुळे बोटांना मुंग्या येतात. तू टाइप कर." तशी किमो आता संपली होती. डोक्यावर बारीक केस उगवत होते. शेवटच्या तपासणीला तो हट्टाने एकटाच गेला, येताना आयच्या आवडीची गोड सुकेळी घेऊन आला आणि 'सगळं ठीक आहे' म्हणाला; रिपोर्ट मात्र त्याने कुणाला दाखवला नाही. घरातल्यांनी तेव्हा कुठे सुटकेचा निःश्वास टाकला होता.

"मालक रूट," कॅरल म्हणाली.

"म्हणजे सगळं बड्या साहेबाच्या नावावर. मेलचं काम करणारा वेबसर्व्हर बिचारा दाराबाहेर. तो फोटो ठेवणार कुठे?"

"मग सगळ्यांनाच परवानगी देऊन टाकते. नेटवर तसंच लिहिलंय."

"नको!" तो एवढ्या जोरात बोलला की खोकल्याची उबळ आली. कॅरलने पाणी पुढे केलं. घोट घेऊन तो म्हणाला, "येणारा-जाणारा कुणीही आत शिरेल मग. लोकांची घरची बोलणी असतात त्यात, बाय. ज्याचं काम, त्याच्याच नावावर कर."

तिने टाइप केलं. चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. एरॉल डोळे मिटून पडला होता. चूक काय ते सांगेना.

"सांग ना! तू केव्हाच केलं असतंस."

"काय म्हणतोय ते नीट वाच."

एक अक्षर गळलं होतं. तिने ते भरलं. मालक बदलला. मग वेबसर्व्हरला तेवढी लिहिण्याची मुभा दिली आणि बाकीच्यांना दार बंद केलं.

"जुलियाना, आता बघ गं!"

थोड्या वेळाने ओट्यावरून आवाज आला, "गेले! गेले फोटो!" मोबाइल छातीशी धरून जुलियाना दारात येऊन दोघांना दुवा देऊन गेली.

कॅरलचा चेहरा फुलला. तिने लॅपटॉप मिटला. "पण दादा, काल तर सगळं नीट चालत होतं. आपोआप कसं बिघडलं हे?"

एरॉल कोपरावर टेकून उठून बसला.

"आपोआप नाही. सकाळी तू चर्चला गेलीस तेव्हा मीच मालक बदलला."

"वेडा आहेस का तू? ती बिचारी रडकुंडीला आली होती!"

"माहीत आहे." त्याने हात लांबवून तिचं मनगट धरलं. बोटांची पकड घट्ट होती. "पण मी असताना एकदा बिघडायला हवं होतं, बाय."