मागची सीट

“शेवटची रेस. मग मी निघतो,” बाबा बूट घालायला नाडीची गाठ सोडवता सोडवता म्हणाले. “जो जिंकेल तो मागच्या सीटवर. नंतर रडारड नको.”

संघमित्राने मान डोलावली, पण नजर स्क्रीनवरून हलवली नाही. स्क्रीनचे दोन भाग झाले होते. वरच्या अर्ध्यात तिची लाल मोटरसायकल, खालच्या अर्ध्यात आकाशची पिवळी, आणि दोघांच्या मागेपुढे कॉम्प्युटरच्या सहा गाड्या. कीबोर्ड मात्र एकच. डावीकडची बटणं तिची, उजवीकडचे बाण त्याचे. सकाळपासून एक शर्यत तिने जिंकली होती, एक त्याने.

हेल्मेट सीपीयूवर ठेवलं होतं. बाबांचं सोडलं तर घरात हे एकच. त्याच्या मागच्या बाजूचं चांदणीचं स्टिकर तिनेच चिकटवलेलं, तिसरीत असताना. दर रविवारी बाबा तुर्भ्याहून द्रोणागिरीला गोदामाची चावी द्यायला जात आणि मागे ती बसे. गोदामापलीकडे बंदराच्या उंच क्रेन दिसत. येताना उसाचा रस. गेल्या रविवारी मात्र ते हेल्मेट आकाशच्या डोक्यावर गेलं, आणि परत आलं ते त्याच्या खोबरेल तेलाचा वास घेऊन. तिने ते दोनदा पुसलं. वास गेला नाही.

आकाश तिचा चुलतभाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. जूनमध्ये बीडहून इथे शाळेसाठी आला, तेव्हा त्याला माऊससुद्धा धरता येत नव्हता. हा गेम तिनेच त्याला शिकवला. वळणाआधी वेग कमी कर, ट्रकच्या मागे अडकून राहू नकोस, फट दिसली की घुस. सगळं तिनेच.

पहिल्या फेरीत ती पुढे होती. दुसऱ्या फेरीत पुलाखाली आकाशने तिला गाठलं आणि दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून सुळकन निघून गेला.

“शाब्बास रे पठ्ठ्या!” एक बूट पायात, एक हातात, असे बाबा मागे येऊन उभे राहिले.

पठ्ठ्या. इतकी वर्षं या घरात हा शब्द तिचा होता.

या कीबोर्डची एक खोड तिला परवाच कळली होती आणि तिने ती कोणाला सांगितली नव्हती. आपला ब्रेक आणि उजवं वळण एकदम दाबून धरलं, की आकाशचा डावा बाण मुका होतो. स्वस्तातला कीबोर्ड, एका वेळी इतकी बटणं त्याला पेलत नसत.

घाटातलं डावं वळण आलं. तिने दोन्ही बटणं दाबली. पिवळी गाडी सरळ जाऊन कठड्यावर आदळली.

“अगं ताई, वळंना की!”

तिने बोटं उचलली आणि वेग घेतला. जेमतेम त्याच्या शेजारी पोचली, तोवर गेमने त्याला पुन्हा रस्त्यावर उभं केलं होतं आणि तो वळायलाही लागला होता. तिने पुन्हा बटणं दाबली. तो पुन्हा कठड्यावर.

या वेळी तिने बोटं उचललीच नाहीत. उचलली की तो वळणार, आणि वळला की जाणार. तिची स्वतःची गाडी ब्रेक लागून रस्त्याच्या मधोमध आडवी थांबली होती. ते तिला दिसत होतं. तरी ती खालच्या अर्ध्यातच बघत राहिली. पिवळी गाडी उठायची, सरळ जायची, आदळायची. कॉम्प्युटरच्या गाड्या एकेक करून दोघांच्या बाजूने निघून गेल्या. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली.

मग वेळ संपल्याची पाटी आली. आठ जणांच्या यादीत तळाला दोन नावं होती. आकाश. त्याखाली संघमित्रा.

“झोपलात काय दोघं?” बाबांनी दुसरा बूट चढवला. “जिंकणाऱ्याला न्यायचं ठरलं होतं. इथे तर कोणीच नाही जिंकलं. चला, मी सुटतो. नेक्स्ट संडेला बघू.”

जिन्यात बुटांचा आवाज उतरत गेला. खाली मोटरसायकल सुरू झाली आणि ट्रकांच्या घरघरीत मिसळून गेली. हेल्मेट सीपीयूवर तसंच राहिलं.

आता आकाश रडेल असं तिला वाटलं. रडला असता तर बरं झालं असतं. तो उठला आणि मोरीतून एक जुना टूथब्रश घेऊन आला. कीबोर्ड उलटा करून त्याने झटकला. बिस्किटाचा चुरा पडला. मग त्याने आपला डावा बाण चारी बाजूंनी नीट घासला, दाबून बघितला, आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

“ताई, तुझीबी गाडी जागीच हुती की. तुझं कोणचं बटन अडकतंय?”

मग तिने बोटाने दाखवलं.

“ब्रेक.”

आकाशने त्यावर फुंकर मारली आणि मान वाकडी करून तो ते बटण घासू लागला.

“थांब जरा,” तो म्हणाला. “आत्ता सुटंल बघ.”