नातीशेजारचा फोटो

ही गोष्ट १९७२ सालची, कराडची. नलूच्या लग्नाला आठ दिवस झाले होते आणि तिचे वडील, तात्या, फोटोग्राफर बाबूराव माळवद्यांच्या दुकानात घामाघूम होऊन उभे होते.

"आमचे अण्णा परवापासून घरी नाहीत. माझे वडील ते; हल्ली त्यांना आपली गल्लीसुद्धा आठवत नाही हो. फौजदार म्हणतात, पेपरात द्यायला फोटो आणा. अण्णांनी जन्मात एकदाच फोटो काढून घेतला, तो तुमच्याकडूनच, लग्नात नातीशेजारी उभं राहून. तेवढा द्या."

बाबूरावांना तो म्हातारा लगेच आठवला. रोल वाचवायचा म्हणून किरकोळ पाहुण्यांवर ते नुसताच फ्लॅश उडवत; पाहुणे खूश, रोल शिल्लक. मळक्या कोटातला तो म्हातारा त्यांना मांडवातला गडी वाटला होता. "आजोबा, हसा की जरा!" म्हणत त्यांनी फ्लॅश उडवला, आणि म्हातारा तोंडभर हसला होता.

तरी त्यांनी एकेक निगेटिव्ह उजेडात धरून पाहिली. मग खरं काय ते सांगून टाकलं.

तात्या ओरडले नाहीत. "म्हणजे आता नुसतं वर्णनच द्यायचं," एवढंच म्हणाले. पेपरात छापून आलं: धोतर, काळी टोपी, वय पंचाहत्तर.

अण्णा सापडले नाहीत. तात्या दोन वर्षांत हाय खाऊन गेले. नलू बडोद्याला संसारात रमली, पण लग्नाचा अल्बम तिने कधी उघडला नाही. आणि बाबूराव, पाय चालत होते तोवर, दर गुरुवारी दुकान बंद ठेवून बाजारात म्हाताऱ्यांचे चेहरे न्याहाळत हिंडत राहिले.