घरचं धान

दुर्गाप्रसाद सेठने आपल्या राइस मिलच्या मजुरांसाठी खास नागपूरहून ट्रेनर आणला. मालक सचोटीचा असला की माणसं जीव लावून काम करतात, असं तो दुपारभर सांगत होता आणि सेठ जणू आपलंच कौतुक चाललंय अशी मान डोलवत होता. शेवटी "ही मिल तुमचीच समजा" म्हणून सेठने सगळ्यात जुन्या हमालाला, उदारामला, शाल पांघरवली.

संध्याकाळी सेठ गेटवर येऊन पाहतो तर तोच उदाराम, तीच शाल खांद्यावर, आपल्या शेतातलं धान भरडायला समोरच्या श्यामलालच्या मिलमध्ये घेऊन चाललेला.

"काऊन रे, घरची मिल सोडून तिकडं?"

"आपल्या मिलमदी गिऱ्हाइकाले मापात कसं मारते, ते मले मालूम हाय ना सेठ. मीच तर मारतो, तुमच्या सांगण्यानं."

सेठ तणतणत रस्ता ओलांडून श्यामलालला जाब विचारायला गेला. तो तर गेटवरच उभा होता, तोंड पाडून.


"दुर्गाप्रसादजी, त्या ट्रेनरचा नंबर द्या ना. माझे सारे मजूर आपलं धान तुमच्याच मिलमध्ये नेऊन राहिले."