बिनचावीचं दार

मधुकरराव बाथरूमच्या ओल्या फरशीवर आडवे पडले होते. उजवा पाय हलत नव्हता, फोन हॉलमध्ये चार्जिंगला होता, आणि तरी त्यांना चिंता होती ती दाराच्या नंबराची. तो आता कुणाला तरी सांगावा लागणार होता.

"ओ इंदुताई!" त्यांनी वरच्या खिडकीकडे तोंड करून हाक मारली.

शेजारच्या इंदुताई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. हातातली बादली तिथेच टाकून त्या खिडकीखाली आल्या. "काय झालं भाऊ? काहून ओरडून राहिले?"

"पडलो. उठता येऊन नाही राहिलं."

मागल्या वर्षापर्यंत ही गोष्ट इथेच संपली असती. तेव्हा मधुकररावांच्या घराची दुसरी चावी इंदुताईंच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या खिळ्याला असायची. मधुकररावांची बायको धंतोलीच्या दवाखान्यात होती, तेव्हा इंदुताई त्याच चावीने दुपारी यायच्या, टेबलावर डबा ठेवायच्या, कूलरमध्ये पाणी भरायच्या आणि दार ओढून जायच्या. बायको गेली, डबा येत राहिला. मग एक दिवस मधुकररावांना बरणीतलं लोणचं कमी झाल्यासारखं वाटलं. खाणारे ते एकटेच होते, पण स्वतःवर संशय घ्यायची पद्धत आपल्याकडे नाही.

त्यांनी दाराला बिनचावीचं लॉक बसवून घेतलं. चार आकडे दाबायचे, दर आकड्याला बीप वाजते, दार उघडतं. मग ते इंदुताईंकडे गेले आणि खिळ्यावरची चावी मागून घेतली. जुनं कुलूपच निघालं होतं, ती चावी आता कुणाच्याच कामाची नव्हती. तरी मागून घेतली. "तुमच्यावर शंका नाही हं," असं जाताना तीनदा म्हणाले. ज्याला शंका नसते तो एकदाही म्हणत नाही.

लॉकचा त्यांना भारी अभिमान. बाहेरून आले की आधी गल्लीत दोन्हीकडे बघायचं, मग डाव्या तळहाताने बटणं झाकायची आणि उजव्या बोटाने एकेक आकडा दाबायचा. पण मधुकररावांचा जन्म गेला होता विजेचे मीटर वाचण्यात. मीटरवरचा आकडा ते खणखणीत वाचायचे आणि सोबतचा लिहून घ्यायचा. नोकरी संपली, खोड राहिली. मूठ झाकलेली आणि तोंड उघडं, अशा थाटात ते रोज घरात शिरायचे.

"नंबर सांगा भाऊ," इंदुताई खिडकीखालून म्हणाल्या.

"असा मोठ्यानं? तिथं कोण कोण आहे?"

"मी हाय, समोरचा विक्की हाय, दूधवाला हाय."

"त्यांना आधी घालवा."

"अन् तुमाले उचलन कोण? मी एकटी?"

कंबरेतून कळ मस्तकात जात होती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दूधवाल्याला नंबर कळला तर उद्या तो कुणाला सांगेल, या विचारात त्यांनी चांगली दोन-चार मिनिटं घालवली. बाहेर शांत झालं. माणसं निघून गेली असं त्यांना वाटलं आणि पहिल्यांदाच त्यांना खरी भीती वाटली. आपण इथेच मरू, आणि लॉक शाबूत राहील. त्यांना रडू फुटलं.

"इंदुताई! आहात ना वं?"

"इथंच हाय. नंबर राहू द्या भाऊ. आमी आत येऊ का, तेवढं सांगा."

"या ना! याच! पण नंबराशिवाय कसे..."

पुढच्या दारावर चार बीप वाजल्या. सावकाश, एकही न चुकता. दार उघडलं.

बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. इंदुताई पुढे, मागून विक्की आणि दूधवाला. इंदुताईंनी दोरीवरचा टॉवेल ओढून मधुकररावांच्या अंगावर टाकला.

"तुमाले नंबर माहीत होता?" टॉवेल सावरत मधुकरराव म्हणाले.

"गल्लीत कोणाले नाही माहीत? रोज तुमीच तर ओरडून सांगता."

मधुकररावांनी दूधवाल्याकडे पाहिलं. त्याने ओशाळून मान डोलावली.

"मग इतके दिवस," त्यांनी विचारलं, "कोणी आत काहून नाही आलं?"

इंदुताईंनी त्यांच्या खांद्याखाली हात घातला.

"नंबर होता भाऊ," त्या म्हणाल्या. "बोलावणं नव्हतं."