धपाट्यांचा डबा

बँकेतल्या लोकांबरोबर धारूरचा किल्ला बघायला निघालेल्या पौर्णिमानं डब्यातले अर्धे धपाटे काढून ताटात ठेवले. तिच्या आईनं, भामाबाईनं, ते उचलून परत डब्यात कोंबले.

"आई, मला एकटीला एवढे कशाला? चढण हाय, ओझं होतं."

"एकटीला कावून? सोबत समदी हायेत की. मिळून खावं मानसानं." भामाबाईनं पिशवीत ताकाची बाटलीही खुपसली.

पौर्णिमानं ती बाहेर काढून आदळली. "नको म्हणते ना! किती वेळा सांगू?"

"वरडू नको. मागल्या टायमाला कपिलधारला गेलतीस, तवा डबा रिकामा आनलास. समद्यायला लई आवडले म्हनलीस."

पौर्णिमा भिंतीला टेकून खाली बसली.

"खोटं बोलले, आई. आपलं आडनाव कळल्यापासून माझ्या डब्याला कुणी हात लावत न्हाई. कुणाचा उपास निघतो, कुणाचं पोट भरलेलं असतं. तुला वाईट वाटू नये म्हणून ते धपाटे मी माकडांना घातले."

तव्यावरचा धपाटा करपायला लागला होता. भामाबाईनं तो उलथला, भाजू दिला. मग तोही डब्यात ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबून झाकण लावलं.

"ने समदे," भामाबाई म्हणाली. "माकडायला तरी चव कळती."