मावशींचा उपाय

गब्बूचं चावायचं रबरी कडं पुन्हा जमिनीवर पडलं आणि त्याची आई पुन्हा ते उकळायला घेऊन गेली. मागे गब्बूने घर डोक्यावर घेतलं होतं. आठ महिन्यांचं पोर. खालचा एक दात जेमतेम दिसायला लागला होता आणि वरच्या हिरड्या सुजून लालबुंद झाल्या होत्या.

रविवार होता, म्हणजे त्याला दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींची सुट्टी.

ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. लोकांच्या घशातले जंतू काचेच्या तबकड्यांत वाढवायचे आणि ओळखायचे, हे तिचं काम. त्यामुळे घरातही तिला जिकडेतिकडे जंतूच दिसत. कामावरून आली की आधी न्हाणीघर, औषधी साबणाने डोक्यापासून पायापर्यंत घासून अंघोळ, आणि मगच बाळ. सुट्टीच्या दिवशीही दोनदा अंघोळ चुकत नसे.

"तू बाळाला घेतेस की त्याचं ऑपरेशन करतेस?" नवरा म्हणायचा.

सगळे उपाय करून झाले. फ्रिजमधला गार चमचा, ओलं फडकं, हिरड्यांवरून बोट फिरवणं. गब्बू तिच्या खांद्याला तोंड घासायचा, क्षणभर थबकायचा आणि दुप्पट जोराने भोकाड पसरायचा.

"मावशींकडे कसा काय गप्प राहतो हा?" नवऱ्याने सहज विचारलं.

त्याला ते सहज होतं, तिच्या मात्र जिव्हारी लागलं. पोटचं पोर आपल्याकडे किंचाळतं आणि परक्या बाईच्या मांडीवर गरीब गाय होतं, याची तिला फार लाज वाटायची. आणि हे बोलायचं कुणाजवळ?

सोमवारी मावशी आल्या. त्यांना बघताच गब्बूने झेप घेतली.

"मावशी, तुम्ही करता तरी काय हो त्याला?" तिने हसत विचारलं.

मावशींनी नजर चुकवली. "काही नाही ताई. तुम्ही सांगता तेच."

चोराच्या मनात चांदणं, तिला वाटलं. झोपेचं औषध तर पाजत नसतील? करतात म्हणे काही बायका. शिवाय हल्ली मावशी न सांगताच एखादा कपडा धुऊन टाकायच्या. संध्याकाळी दोरीवर तो ओलाच असायचा. आजवर तिला त्याचं कौतुक वाटायचं, आता ती सगळी गोडीगुलाबी वाटायला लागली.

मावशी बाळाला घेऊन गॅलरीत गेल्या तशी तिने त्यांची पिशवी उचकली. कंगवा, चष्म्याचं घर, बसचा पास, अर्धा बिस्किटपुडा. पिशवी परत खुंटीला अडकवताना तिचे कान तापले. बाईच्या वयाचा तरी मान ठेवायचा होता. पण संशय काही गेला नाही. बाटली दुसरीकडे कुठे लपवली असेल.

दुपारी डोकं दुखतंय असं सांगून ती लॅबमधून निघाली. स्वतःच्याच घरात चपला हातात घेऊन शिरली. असं चोरपावलांनी येणं तिला शोभत नव्हतं, हे तिलाही कळत होतं. आतून रडण्याचा आवाज नव्हता. झोपवलाच शेवटी! आता रंगेहाथ सापडतील.

तिने खोलीचं दार ढकललं. "काय दिलंत त्याला?"

मावशी दचकून उभ्या राहिल्या. गब्बू चटईवर टक्क जागा होता. दोन्ही मुठींत तिचा रात्रीचा टीशर्ट होता, सकाळी तिने धुण्याच्या बादलीत टाकलेला. त्याची बाही तोंडात कोंबून तो मजेत चावत होता.

"ताई, चुकलं माझं," मावशी अगदी ओशाळून गेल्या. "उकळलेलं सगळं देऊन बघितलं हो. कशानेच ऐकेना. तुम्हाला कळू नये म्हणून रोज मागाहून धुऊन टाकते."

"अहो, पण मळका?" तिचा आवाज चढला. "द्यायचाच होता तर धुतलेला द्यायचा!"

"दिला होता की, ताई. नुसता हुंगला आणि फेकून दिला. साबणाने तुमचा वास जातो ना."